झोळीचा हिरवा दिवा

माझी पोरगी जिन्याच्या तोंडाशी सापडली, त्या दिवसापासून मी वायरींच्या नादी लागले. तोवर मला वायर म्हणलं की भ्या वाटायचं. माहेरी, नांदगावला, शेतातल्या मोटरच्या पेटीकडं नुसतं बघितलं तरी सगळे ओरडायचे. आठवीला बाईंनी वर्गात सेल आणि बल्ब आणला, पेटवून दाखवते म्हणल्या, तर मी मागच्या बाकावर सरकून बसले होते. नववीला अर्ध्यातच शाळा सुटली. मग लग्न, मग नाशिक, मग ही पोरगी.

आम्ही सातपूरला राहतो, पहिल्या मजल्यावर, एक खोली आणि पुढं ओटा. खाली घरमालकीण काकू, वर दुसरा मजला, त्याच्या वर गच्ची. काकू दर उन्हाळ्यात कुरडया करून देतात लोकांना, लय मोठं काम असतं. ह्या वर्षी त्या मला म्हणल्या, "पोरी, येशील का हाताखाली? सकाळचे तीन-चार तास. गव्हाचा चीक शिजवायचा, सोऱ्या दाबायचा, बास." मी लगेच हो म्हणले. लग्नानंतर मला कुणी पहिल्यांदाच काम दिलं होतं. घरातलं सोडून दुसरं काम, मला जमतं असं कुणाला तरी वाटलं, म्हणून हो म्हणले.

पण पोरगी अकरा महिन्यांची. गच्चीवर नेणार कशी? तिथं हे एवढं पातेलं, त्यात गव्हाचा चीक रटरटत असतो, अंगावर उडाला तर कातडं सोलून निघंल. गच्चीचा कठडा पण मांडीएवढा. म्हणून मी तिला आंघोळ घालून, पाजून, झोळीत टाकायची आणि वर जायची. आमची झोळी म्हणजे छताच्या हुकाला जाड स्प्रिंग आणि स्प्रिंगला माझी जुनी साडी. मुद्दाम लय खाली बांधलेली, जमिनीपासून गुडघ्याएवढी पण नाय, पडली तर लागू नये म्हणून. दाराला बाहेरून कडी लावून जा, असं समोरची वहिनी म्हणायची. मला ते होईना. आत पोरगी आणि बाहेरून कडी, आणि आत काय झालं तर, आणि मला जिन्यात चक्कर आली तर कडी कोण काढंल, असलंच सगळं डोक्यात यायचं. मग दारात एक आडवी फळी लावायची मी. ती ओलांडायची नाय ती अजून, असं मला वाटायचं.

त्या दिवशी मी चाळणी न्यायला खाली आले. वळणावरून बघते तर पोरगी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली. फळी आडवी पडलेली. एक हात पायरीच्या कडेला, दुसऱ्या हातानं तिनं माझी चप्पल खाली टाकली, आणि चप्पल कुठं गेली ते वाकून बघत होती. आमच्या जिन्याला त्या बाजूला कठडाच नाय. मी हाक मारली नाय, हाक मारली असती तर तिनं मान वळवली असती आणि तोल गेला असता. मी चार पायऱ्या कशा उतरले मला नाय माहीत, मागून तिला कवळ घातली आणि तिथंच बसले. ती खुशीत होती. दुसरी चप्पल मागत होती.

दोन दिवस मी हे कुणाला सांगितलं नाय. काम पण सोडलं नाय. दर पाच मिनिटाला खाली पळायचे, वर जायचे, परत खाली. काकू चिडल्या. "अगं, चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, तुकडे पडतात. तू काम करतेस का जिने मोजतेस?" मी खरं सांगितलं असतं तर म्हणल्या असत्या, राहू दे मग तू.

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे कॉलेज रोडकडं कॉम्प्युटर रिपेरिंगच्या दुकानात कामाला हायेत. तिथं जुन्या केबली निघतात, मालक म्हणतो टाकून द्या, आणि हे टाकायच्या ऐवजी घरी आणतात. एक गोणी भरून कॉटखाली. कसल्या कसल्या. मॉनिटरची जाड निळ्या तोंडाची, चपटी पट्टीसारखी, माऊसच्या शेपटीवाली. रविवारी हे ते सगळं पसरून बसायचे, दातानं वायर सोलायचे, आणि काय काय करायचे. एकदा देव्हाऱ्यात लुकलुकणारी लाइट केली. एकदा कॉम्प्युटरच्या आतला पंखा काढून त्याला मोबाइलच्या चार्जरचं शेपूट जोडलं, तो पंखा जेमतेम पोरीचे केस हलतील एवढा वारा द्यायचा. मी भांडायचे. माझ्या झाडूत रंगीत वायरींचे तुकडे अडकायचे, पोरीच्या मुठीत सापडायचे. "गोणी काढा नायतर मी भंगारवाल्याला देते," असं मी दर रविवारी म्हणायचे आणि हे दर रविवारी म्हणायचे, "ह्यात तांबं हाय चांगलं, आत्ताच्या केबलीत एवढं येत नाय."

त्या रविवारी मी भांडले नाय. शेजारी जाऊन बसले.

"अहो, ह्या वायरीतून वर गच्चीवर घंटी वाजवता येईल का?"

"कशाची घंटी?"

"पोरगी झोळीतून उतरली की वर वाजली पाहिजे."

"ती कुठं उतरती?"

मग मला रडू आलं आणि मी सगळं सांगितलं, चप्पल, पायरी, सगळं. मला वाटलं आता हे ओरडतील, काम सोड म्हणतील, चांदवडला सासूबाईंकडं पाठवतील पोरीला. हे उठले, जिन्यात गेले, त्याच पायरीवर जाऊन बसले आणि खाली बघत राहिले. परत आले ते गोणी उलटी करूनच बसले.

एक करडी केबल निघाली, लय लांब, कुठल्यातरी हापिसाची जागा बदलली तेव्हा भिंतीतून ओढून काढलेली. इंटरनेटची असते ती. वरची साल काढली तर आत आठ बारक्या वायरी, दोन-दोनच्या पिळलेल्या जोड्या. हे म्हणले, "आपल्याला एकच जोडी लागंल, निळी आणि तिची पांढरी. बाकीच्या राहू दे आत, पडून." मी लांब बसलेले. हे म्हणले, "ये की जवळ. भिंतीतल्या लाइटीला हे लावायचंच नाय, दोन पेन्सिल सेल, बास. चावत नाय." स्वतःच्या ओल्या बोटावर दोन्ही टोकं टेकवून दाखवली. मग माझ्या हातात दिली. मी डोळे मिटले. काय झालं नाय. डोळे उघडले तर हे हसत होते आणि पोरगी पण ह्यांच्याकडं बघून हसत होती.

मॉनिटरच्या केबलचं तोंड फोडून आतल्या दोन पत्र्या काढल्या. एक पत्री स्प्रिंगच्या खालच्या टोकाला बांधली. दुसरी एका लोखंडी हँगरला, आणि हँगर वाकवून त्याच छताच्या हुकाला लटकवला. पोरगी आत असली की तिच्या वजनानं स्प्रिंग खाली ताणती, पत्री लांब. पोरगी उतरली की स्प्रिंग वर जाती, पत्रीला पत्री लागती, वर घंटी वाजती. घंटी म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमधलाच बारका पीं करणारा डबा. 

लावला आणि पीं सुरू. पोरगी आत असून पीं, बाहेर असून पीं. हे घामाघूम झाले, सगळे जोड परत सोलले, परत पिळले. अर्धा तास. मी झोळीखाली उभी राहून वर बघत होते आणि म्हणले, "दोघं एकाच हुकाला लटकलेत ना. लोखंडाला लोखंड लागलंय वरतीच. पत्री लागो नाय तर न लागो."

ह्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "बाई," म्हणले, "नववी पूर्ण केली असती तर दुकान तूच चालवलं असतं." सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून हँगर आणि हुकाच्या मधी घातला. पीं बंद. एवढं शांत वाटलं खोलीत. मग केबल जिन्यातून गच्चीवर नेली आणि डबा वर लावला.

चार दिवस लय सुखाचे गेले. मी वर कुरडया घालायचे, पीं वाजली की पळायचे. समोरची वहिनी पण यायची मदतीला, तिला नुसती चेष्टा. "गेली बघा, बेल वाजली. साहेबांनी बोलावलंय केबिनमधी." काकू म्हणायच्या, "अगं हसू नकोस, माझ्या दोन पोरांच्या वेळी असलं काही असतं तर माझी कंबर राहिली असती शाबूत." मला बरं वाटायचं. पाच मिनिटाला पळायचं बंद झालं. सोऱ्या दाबताना दुसरीकडं बघायचे नाय, गोल कुरडई यायला लागली, काकूंसारखी.

पाचव्या दिवशी घंटी वाजलीच नाय. पहिलं पातेलं संपलं, नाय वाजली. दुसरं चढवलं. वहिनी म्हणली, "आज लय शहाणी झाली गं पोरगी." मी पाय पसरून बसले, उन्हात. मला आठवतंय मी पाणी प्याले आणि वहिनीला माहेरची काहीतरी गोष्ट सांगत होते, हसत होते. मग काकू म्हणल्या हिंग संपला, खालून डबी आण. म्हणून मी खाली गेले. नुसता हिंग आणायला.

झोळी मोकळी. वर गेलेली. पत्रीला पत्री नीट टेकलेली, मी हात लावून बघितला, टेकलेली. आणि वर घंटी नाय.

फळी पडलेली. मी जिन्यात पळाले, जिन्यात नाय. खाली अंगणात बघितलं, नाय. जिन्याखाली वाकून बघितलं, तिकडं बघायला मन होत नव्हतं तरी बघितलं, नाय. फाटक बंद होतं. वर आले, कॉटखाली बघितलं, मोरीत बघितलं, बादली बघितली आधी, बादली पालथी होती, देवा, पालथी होती. परत जिन्यात. तिसऱ्यांदा खोलीत आले आणि दार धरून उभी राहिले, दारावर भार टाकला, तर दार मागं जाईना.

दाराच्या मागं होती. भिंत आणि दाराच्या मधल्या फटीत, गोणी ओढून घेऊन बसलेली. फळी पडली तिच्या आवाजाला घाबरून मागं सरकली असणार. मांडीवर केबल, आणि त्या केबलला एक काळा गोळा असतो ना जाड, तो तोंडात. चोखत होती. खाली ओलं केलेलं. माझ्याकडं बघून तिनं गोळा काढून मला दिला. 

मी तिला घेऊन किती वेळ बसले माहीत नाय. वरून काकू ओरडत होत्या, "अगं हिंग!"

संध्याकाळी हे आले आणि वायर तपासली. वरून कुठंच तुटलेली दिसंना. बोटानं चापत चापत गेले, तर गच्चीच्या दाराशी थोडी चपटी लागली. ते दार रोज तिच्यावर दाबायचं. वरची साल साबूत, कापून बघितली तर आत निळी तुटलेली. हे म्हणले, "एवढंच ना. अजून सहा वायरी हायेत आत. दुसरी जोडी लावतो आणि दाराखालून फिरवतो, झालं."

मी म्हणले, "नको."

"का?"

मला नीट सांगता येईना. मी म्हणले, "ती झोपली की घंटी गप्प. वायर तुटली की पण घंटी गप्प. वर बसून मला काय कळणार गप्प म्हणजे काय? आज मी हसत होते वर. घंटी वाजत नाय म्हणून खुश होते."

हे म्हणले, "मग काय करू सांग."

तेव्हा मला आईचं आठवलं. माझी आई रोज सकाळी दूध आलं की मला मिस कॉल देती. एक रिंग, कट. मी उचलायचा नसतो. ती रिंग आली म्हणजे आई ठीक हाय, उठली हाय, बास. आणि ज्या दिवशी येत नाय त्या दिवशी मी लगेच फोन लावते. कधी बॅलन्स संपलेला असतो, कधी मोबाइल पिठाच्या डब्यावर राहिलेला असतो. पण मी लावते. आई काय झालं तर फोन करीन असं म्हणत नाय. काय झालं नाय म्हणून रोज रिंग देती.

मी म्हणले, "वायरीला सांगा मला मिस कॉल देत राहायला. पोरगी आत हाय तोवर वर दिवा लागलेला पाहिजे. उतरली की विझला पाहिजे."

"म्हणजे उलटं."

"उलटं. वायर तुटली तरी विझंल ना?"

"विझंल." हे विचार करायला लागले. "पण अगं, दिवा तास तास लागलेला, सेल संपंल की."

"संपू दे. संपला तरी विझंलच ना? मी पळत येईन. उगाच पळाले तरी चालंल मला."

ह्यांनी हँगरवरची पत्री सोडली आणि चार बोटं खाली सरकवली. एवढंच काम होतं. आता पोरीच्या वजनानं स्प्रिंग खाली आली की पत्रीला पत्री लागायची, उतरली की सुटायची. पीं करणारा डबा काढला, त्याच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा आणि त्याच्या पायाला करंट कमी करणारा एक बारका तुकडा, दिवा जळू नये म्हणून. पोरीला आत ठेवलं आणि हे वर गेले. वरून ओरडले, "लागला!" मी तिला उचललं. "विझला!" ठेवलं. "लागला!" तीन-चार वेळा मी तिला नुसती ठेवत आणि उचलत राहिले, तिला वाटलं खेळ हाय.

दुसऱ्या दिवशी वर गेले तर उन्हात दिवा दिसंचना. मग त्याच हिंगाच्या रिकाम्या डबीला भोक पाडून दिवा आत बसवला आणि वाकून बघायचं. वहिनी म्हणली, "झालं. आता काकू पण दुर्बीण लावणार." आणि खरंच काकूच जास्त बघायच्या. मी सोऱ्या दाबत असले की त्या मधीच डबीत डोळा घालायच्या आणि सांगायच्या, "जळतोय गं." थोड्या वेळानं परत, "जळतोय." मी न विचारता. पोरगी झोपेत कूस बदलायची तेव्हा तो मिणमिण करायचा, तर त्या म्हणायच्या, "चुळबुळ चाललीय," म्हणजे आता पंधरा मिनिटात उठणार. मला माझ्या पोरीची झोप काकूंकडून कळायला लागली.

एकदा विझला. मी सोऱ्या टाकून पळाले, दोन जिने, दोन्ही हातांना चीक. पोरगी झोळीत, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. सेल संपला होता. मी तिच्या शेजारी फरशीवर बसून तिचा श्वास बघत राहिले. हसू येत होतं मला, आणि राग कुणाचाच येत नव्हता. उगाच पळाले ह्याच्याएवढं चांगलं मला त्या महिन्यात दुसरं काय वाटलं नाय.

आणि मग कुरडयांच्या शेवटच्या दिवशी, शेवटचं पातेलं, काकू ओरडल्या, "विझला! पोरी, विझला!" मी उठलेच होते. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर माझी चप्पल निसटली, तशीच पळाले. दारात पोचले तर फळी जागेवर होती. पोरगी झोळीच्या काठावर पोटानं लटकलेली, तिच्या धडपडीनं पत्री सरकून सुटलेली, एक पाय आत, दुसरा पाय खाली हवेत, बोटानं जमीन शोधत होती. मी आत गेले आणि खाली बसले. तिला धरलं नाय. मी आले होते ना, आता धरायची घाई नव्हती. तिचा अंगठा टेकला. मग दुसरा पाय सुटला. स्प्रिंग वर गेली, झोळी हातातून सुटली आणि ती तशीच उभी राहिली, कशालाच न धरता, एवढा वेळ की मी श्वास सोडायची विसरले. मग धपकन माझ्या मांडीत आली आणि माझ्या बोटावरचा चीक चाटायला लागली.

वरून काकूंचा आवाज, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा. "सापडली का गं?"

"हितंच हाय काकू! माझ्याजवळ हाय!"

"बरं झालं बाई! मग निजव परत आणि ये वर, चीक गार होतोय! दिवा लागला की सांगते मी!"

मी पोरीला कडेवर घेतलं, फळी ओलांडली आणि जिन्यातून ओरडले, "आज नाय लागायचा काकू. आज तो विझलेलाच राहू द्या, मी तिला घेऊन येते वर. तुम्ही तिला धरा, मी सोऱ्या दाबते."